चिकटपट्टीखालचा लाल दिवा

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीतला लाल दिवा आहे. स्टिअरिंगच्या मागे, तापमानाच्या काट्याशेजारी माझी जागा. आकाराने मी शर्टाच्या गुंडीपेक्षाही लहान. माझ्याबद्दल सांगण्यासारखे फार काही आहे असे मला वाटत नाही, पण काम मात्र मला चोख येते. इंजिन थंड ठेवणारे द्रव, म्हणजे कूलंट, टाकीत कमी झाले की मी पेटायचे.

कारखान्यात मला बसवणाऱ्या बाईंनी तीनदा पेटवून पाहिले आणि "हा फसवणार नाही," म्हणाल्या. पुढची नऊ वर्षे मला कामच पडले नाही. गाडी सुरू होताना क्षणभर डोळा उघडायचा आणि मिटायचा, एवढेच. माझे मालक घड्याळे दुरुस्त करतात. बारीक कामात हात तयार, पण मोटारीतले काही दुसऱ्याला विचारणे त्यांना कमीपणाचे वाटे.

एका सकाळी मी पेटलो तो विझेचना. मालकांनी पुस्तिका चाळली, हिरव्या कूलंटची बाटली आणली आणि अर्धी ओतली. मी तरी पेटलेलाच. "टाकी तर भरली. दिवाच बिघडलाय," असा निकाल देऊन त्यांनी माझ्यावर काळी चिकटपट्टी लावली. खरे सांगतो, आपणच बिघडलो की काय, असे मलाही वाटून गेले. पण तारेतून खबर येतच होती, म्हणून मी अंधारात पेटत राहिलो.

चौथ्या दिवशी मालकांच्या आत्या गाडीत बसल्या. त्यांचे आयुष्य वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात गेलेले. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चार महिने थांबल्यावर शस्त्रक्रियेची तारीख मिळाली होती आणि अकराच्या आत दवाखान्यात पोहोचायचे होते. अर्ध्या वाटेत त्या म्हणाल्या, काहीतरी गोडसर जळतंय. मालकांनी तो भास ठरवला.

"माझे डोळे गेलेत, नाक नाही. थांबव गाडी."

तोवर काटा बराच वर चढला होता. मालकांनी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केले आणि टाकीचे झाकण उघडायला धावले.

"हात लावशील तर बघ," आत्यांनी दरडावले. "वाफ जिरल्याशिवाय झाकण काढत नाहीत. आणि ते हिरवं तू नक्की कशात ओतलंस?"

मालकांनी वाकून टाक्यांवरची चित्रे एकेक करून पाहिली. मग हळूच म्हणाले, "काच धुवायच्या टाकीत."

"बरं झालं. काच तरी तापायची नाही."

इंजिन निवायला पाऊण तास लागला. तेवढ्यात दवाखान्याला फोन झाला. आत्यांचा नंबर शेवटी ठेवतो, पण बाराच्या आत या, असे तिथून सांगितले. मालकांनी फडके धरून झाकण सावकाश सैल केले, उरलेली बाटली खरोखरच्या टाकीत खुणेपर्यंत भरली आणि जिथून कूलंट गळत होते ती नळीवरची ढिली पडलेली पट्टी पेचकसाने आवळली. शेवटी माझ्यावरची चिकटपट्टी काढली. मी विझलो होतो. विझण्याचा एवढा अभिमान मला कधी वाटला नव्हता.

बाराला दहा मिनिटे असताना मालकांचा हात धरून आत्या दवाखान्याच्या पायऱ्या चढल्या. दुसऱ्या दिवशी मालक स्वतःहून मेकॅनिककडे गेले, सगळी हकीकत सांगितली आणि नळी बदलून घेतली.

मित्रांनो, माझ्यासारखा दिवा पेटला तर त्याच्यावर चिडू नका. गाडी कडेला घ्या, इंजिन निवू द्या, मग योग्य टाकीत पाहा. समजत नसेल तर जाणत्याला विचारा. पेटायची वेळ आली की मी पेटेनच. पाहायचे काम तेवढे तुमचे.