काळा चुंबक

"आज पाहुणे आहेत, बाई. तो कळकट चुंबक कशाला? हा नवा घ्या," सर म्हणाले आणि पाकीट त्यांनी स्वतः फोडून दिलं.

बाईंना इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही. चंबूतलं द्रावण ढवळायला टाकतात तो बोटाच्या पेराएवढा चुंबक, त्यावर टेफ्लॉनचं पांढरं आवरण. बाईंचा वर्षानुवर्षं वापरून काळवंडला होता. कितीही घासला तरी डाग हलत नव्हता. पण हाताला बसलेला म्हणून त्या तोच वापरत. त्यांनी तो सरांच्या हवाली केला.

प्रयोगशाळेत त्यांना सगळे लोखंडबाई म्हणत. अमाईनच्या नायट्रोजनला अल्कोहोलमधली कार्बनची साखळी जोडायची तर रुथेनियमसारखा महागडा धातू उत्प्रेरक म्हणून लागायचा. बाईंनी तेच काम चिमूटभर लोखंडाकडून करून घेतलं होतं. आज कारखान्याच्या पाहुण्यांसमोर ते करून दाखवलं की त्यांची हंगामी नोकरी कायम होणार होती. निघताना नवरा म्हणाला होता, "तुझ्या लोखंडाला आज गंज चढू देऊ नकोस गं."

दुपारी बाईंनी चंबूतला थेंब पट्टीवर टिपला आणि पट्टी दिव्याखाली धरली. नवा पदार्थ बनला असता तर तिथे नवा ठिपका दिसला असता. तो नव्हताच. त्यांनी दुसरी पट्टी केली, तिसरी केली. पाहुणे घड्याळं बघू लागले.

"ओल शिरली असेल," बाई पुटपुटल्या.

"असेल ना," सर म्हणाले. "आता तो शेजारचा चंबू बघा. सकाळी मीच लावलाय. त्यात लोखंड घातलेलंच नाही. फक्त तुमचा जुना चुंबक आहे."

ती पट्टीही त्यांनी बाईंनाच करायला लावली. ठिपका ठसठशीत उमटला.

"पूर्वी याच चुंबकावर तुम्ही रुथेनियमची कामं केलीत. ते त्या डागात बसलंय. राबत होतं ते, आणि तुमचं लोखंड नुसता पाहुणचार झोडत होतं!"

एक पाहुणा खो खो हसला. मग सगळे चहाला गेले.

"सर, तुम्हाला कधी कळलं?" बाईंनी विचारलं.

"गेल्या वर्षीच."

"मग मला सांगायचं होतंत."

"एकटीला सांगितलं असतं तर वाद घातला असतात. चार लोकांसमोर झालं की विषय मिटतो."

"आणि माझी जागा?"

"ती लोखंडासाठी होती, बाई."

त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली बाईंना. त्यांनी हातमोजे काढले, तेवढंच.

"आणि हो, चुंबक धुऊ नका. आमच्या सूनबाई त्या डागावर लेख लिहिणार आहेत."

सरांची सून पलीकडच्याच टेबलावर काम करायची. ती रिकामी बाटली घेऊन आली. बाईंनी चिमट्याने चुंबक बाहेर काढला, सवयीने नळाखाली नेला आणि आठवण होताच हात मागे घेतला. चुंबक बाटलीत टाकला.

"बाटलीवर काय लिहू, बाई?" सुनेने खाली बघत विचारलं.

"रुथेनियम," बाई म्हणाल्या.

"लोखंड नको ना?"

"नको. नाहीये त्यात."