पेलिंगचा राजीनामा

"बाबा, असे घामाघूम का होऊन राहिलात? वाचायचं तर मला आहे ना!" असं म्हणत गरिमा माईकपाशी गेली.

सिटी सेंटरमधल्या त्या सभागृहात पंचवीसेक माणसं होती, त्यांतली निम्मी चहासाठी आलेली. पांडुरंगराव पहिल्या रांगेत अगदी कडेला बसले. आर्थर पेलिंग नावाच्या इंग्रज दिग्दर्शकापायी त्यांनी बावीस वर्षं घालवली होती. कारकुनी करता करता विलायतेतल्या ग्रंथालयांना पत्रं लिहिली, आलेली उत्तरं शब्दकोश घेऊन लावली. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मूकपट काढणारा हा माणूस खुद्द त्याच्या गावाला ठाऊक नव्हता, मग ग्वाल्हेरात त्याला कोण विचारतो! नई सडकेवर ओळखीचे लोक "काय म्हणतोय तुमचा साहेब?" अशी टोपी उडवायचे, आणि हे भाबडेपणाने खरंच सांगायला लागायचे.

पेलिंगवरचा त्यांचा निबंध मराठीत होता. श्रोते हिंदी, म्हणून लेकीने हिंदीत उल्था केला. वाचतही छान होती. फोटोच्या दुकानातली नोकरी, पेलिंगने स्वतः जुळवलेला कॅमेरा, त्रेचाळीस चित्रपट. मग मालकाने त्या चित्रपटांवर आपलं नाव घालायचं ठरवलं.

"और पेलिंग ने मालिक से राज़ीनामा कर लिया," गरिमाने वाचलं.

पांडुरंगरावांनी झटकन मान वर केली. त्यांनी लिहिलं होतं, 'पेलिंगने राजीनामा दिला.' पण गरिमा पडली वकील. कोर्टात ती रोज राज़ीनामे बघते. तिथे राज़ीनामा म्हणजे तडजोड, दोन्ही पक्ष आपसांत समझोता करतात आणि घरी जातात. नोकरी सोडली तर हिंदीत त्याला इस्तीफ़ा म्हणतात. दोन्ही भाषा घरच्याच, त्यामुळे शब्द अडखळल्याशिवाय इकडून तिकडे गेला होता.

"ठीक ही किया," मागच्या रांगेतून त्यांच्या घराशेजारचे कान्होजी म्हणाले. "बाल-बच्चेवाला आदमी होगा."

हेच तर पांडुरंगराव चौतीस वर्षं स्वतःला सांगत आले होते. कचेरीत टिपणं यांनी लिहायची, खाली सही साहेबांची, बढतीही साहेबांना. हे मुकाट्याने पुढची फाईल ओढायचे. आपल्याच्याने जे झालं नाही ते त्या परक्या माणसाने करून दाखवलं, म्हणून तो त्यांना सख्ख्या भावाहून जवळचा वाटायचा.

गरिमा पुढच्या पानावर गेली होती. भर सभेत कुणाला अडवणं पांडुरंगरावांनी जन्मात केलं नव्हतं. ते उठले.

"नहीं!" त्यांचा आवाज चिरकला. "राज़ीनामा नहीं किया. इस्तीफ़ा दिया उसने. इस्तीफ़ा!"

"फिर मिला क्या उसको?" कान्होजींनी विचारलं.

"कुछ नहीं. समंदर किनारे आने-जानेवालों के फोटो खींचता रहा. आख़िर तक."

कुणीतरी हसलं. गरिमा हसली नाही. तिने वडिलांकडे एकदा पाहिलं, पेन काढून मागच्या पानावरचं काहीतरी खोडलं आणि ते वाक्य पुन्हा, सावकाश वाचलं. ते वाचून होईपर्यंत पांडुरंगराव उभेच होते.