सोळा कलांचा मीटर

गुरुवार उजाडला की पुणतांब्याच्या घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसायची, आणि गंमत अशी की तिथं माणसांपेक्षा गाड्याच जास्त भक्तिभावाने उभ्या असायच्या. कुणाच्या बोनेटवर हळदीकुंकू, कुणाच्या आरशाला झेंडूची माळ. गाडीत बसलेल्या म्हाताऱ्यांनी हात जोडलेले, आणि चालवणाऱ्यांनी स्टेअरिंग सोडून.

हे सगळं वायुनाथ महाराजांसाठी. महाराज तीन वर्षांपूर्वी कुठेतरी सीट कव्हर आणि हॉर्न विकत असत म्हणे. मग एके दिवशी त्यांना साक्षात्कार झाला आणि ते गाड्यांना अनुग्रह देऊ लागले. अनुग्रह फक्त पेट्रोलच्या गाड्यांना. डिझेलच्या गाड्या तामसी, त्यांना पुढच्या जन्मी या असं सांगून परत पाठवत. महाराज स्वतः डिझेलच्या जीपमधून येत, पण ते कुणाच्या मनात आलं नाही. भक्ताचं मन मोठं असतं, त्यात सगळं मावतं.

सोहळा ठरलेला. गाडी सिमेंटच्या खड्ड्यावर उभी करायची. सायलेन्सरच्या शेपटाला चिमट्याने एक सेन्सर लावायचा, त्याची तार महाराजांच्या पाटावरच्या गोल मीटरला. हा 'यंत्रराज'. इंजिन सुरू झालं की त्यावर आकडा उमटायचा : चौदा पॉइंट सात.

"चौदा भुवनं, सात पाताळं!" महाराज डोळे मिटायचे. "गाडी संसारात अडकलीय. हिचा वायू आणि हिचा अग्नी, दोघांचं पटंना. नवरा-बायकोचं पटलं न्हाई तर घरात काय होतं?"

"भांडी वाजत्यात!" गर्दीतून कुणीतरी.

"इंजिन वाजतं, बाळ! अन् पेट्रोल पितं."

मग शिष्य बिभीषण लाल फडक्यात गुंडाळलेला गंडा घेऊन खड्ड्यात उतरायचा. वर पडदा पडायचा, शंख, घंटा, झांजा एकदम सुरू. थोड्या वेळाने बिभीषण घामाघूम होऊन वर यायचा आणि आकडा चढलेला असायचा. सोळा पॉइंट दोन.

"सोळा! सोळा कला!"

एकदा एका आगाऊ कॉलेजकुमाराने विचारलं होतं, "महाराज, सोळाच्या पुढं ते दोन कोण?"

"एक मी, अन् एक बिभीषण," महाराज म्हणाले. लोक हसले, टाळ्या पडल्या. शंका विचारणाऱ्याला प्रसाद म्हणून दोन पेढे जास्त मिळाले.

अनुग्रहानंतर अमावस्येपर्यंत व्रत. टायरमध्ये हवा गच्च ठेवायची. पन्नासच्या वर गाडी न्यायची नाही. एसी लावायचा नाही, गचके द्यायचे नाहीत. काचा बंद ठेवायच्या, वायूचं सोवळं मोडतं. आणि गंड्याला कुणी हात लावायचा नाही, नाहीतर इंजिन बसतं. लोक व्रत पाळायचे आणि खरोखरच गाडी जास्त पळायची. पळणार नाही तर काय!

गोरक्षने त्याच्या शाळेच्या व्हॅनला हाच गंडा बांधून घेतला होता, आणि त्याच व्हॅनमधून रुपालीची पाच वर्षांची रेवा राहात्याच्या शाळेत जायची.

रुपाली कोपरगावच्या तंत्रनिकेतनात इंजिन शिकवायची. घरी तिचा नवरा ओंकार, सासू आक्काबाई आणि रेवा. गोरक्ष ओंकारचा चुलतभाऊ, मनाचा चांगला, पण कुणी पाया पडायला पाय पुढे केले की हा आधी वाकणार.

व्हॅनला गंडा बांधल्याला आठवडाच झाला असेल. रेवा शाळेतून आली की दप्तर टाकून आईच्या मांडीत डोकं घालायची. "आई, डोकं दुखतंय." कधी उलटी. गाल तापलेले नाहीत, घसा साफ. आक्काबाईंनी मीठ-मोहऱ्या उतरवल्या. चुलीत तडतड झाली तशी त्या म्हणाल्या, "बघ, केवढी दृष्ट हुती लेकराला."

"आत्या, दृष्टीला रविवारची सुट्टी असते का? रविवारी ही दिवसभर हुंदडत असते."

राहात्याच्या डॉक्टरांनी रेवाला तपासलं आणि एकच प्रश्न विचारला. "दुखायला लागण्याआधी ही कुठे असते?"

"शाळेच्या व्हॅनमध्ये," रुपाली म्हणाली. रेवाच्या केसांना तिने नाक लावलं. दूध, खोबरेल, आणि त्या खाली धुराचा वास.

दुसऱ्या दिवसापासून रेवा ओंकारच्या मोटारसायकलवर शाळेत जाऊ लागली. पण व्हॅनमध्ये आणखी दहा-बारा पोरं होती. बंद काचांत. रुपाली घरोघर गेली. "धुरात विषारी वायू असतो, त्याला वास नसतो, रंग नसतो. पोरं गुंगतात. काचा तरी उघडा."

"अवं मॅडम, माझंबी पोरगं कुरकुरतंय," एक बाई म्हणाली. "पन महाराज म्हनले, इंजिनातलं पाप भाईर पडतंय. अमावस्येला थांबंल."

गोरक्षला ती म्हणाली, "भावजी, तो गंडा सोडा, मला खाली बघू द्या."

"वहिनी, काय पन बोला. गंड्याला हात लावला तर इंजिन बसंल. माझं पोट हाय त्याच्यावर. तुमचं शिक्षन मोठं हाय, मान्य. पन आकडा चढला तो या डोळ्यांनी बघितला मी. आकडा खोटा आसंल का?"

हाच प्रश्न रुपालीलाही छळत होता. तो आकडा काही मंत्राचा नव्हता, ती तो वर्गात रोज फळ्यावर लिहायची. एक भाग पेट्रोल नीट जळायला वजनाने सुमारे चौदा पॉइंट सात भाग हवा लागते. आकडा त्याहून चढला म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. म्हणजे सोळा दिसले तर पेट्रोल खरंच कमी जात होतं?

तिच्या प्रयोगशाळेत असाच मीटर होता, आणि तो निवडताना तिने भांडण केलं होतं. विक्रेता रंगीत दिवे नाचणारा स्वस्त मीटर गळ्यात मारत होता. तो फक्त 'कमी' किंवा 'जास्त' एवढंच सांगायचा, किती ते नाही. रुपालीने घेतला तो रुंद पट्ट्याचा. सेन्सर स्वतःच तापतो, नेमका आकडा देतो आणि क्षणाक्षणाची नोंद लॅपटॉपवर उतरवतो. शिवाय त्यातून आणखी एक तार निघते, ती गाडीच्या संगणकाला तिच्या जुन्या सेन्सरसारखाच संदेश पुरवते. म्हणजे गाडीचा सेन्सर काढून त्याच जागी हा बसवला तरी गाडीला कळत नाही.

पुढच्या गुरुवारी ती मीटर घेऊन घाटावर गेली. गर्दी उसळलीच. सून विरुद्ध महाराज, असा खेळ फुकट कुठे बघायला मिळतो? तिने महाराजांच्या चिमट्याशेजारी आपला सेन्सर लावला, गोरक्षच्या व्हॅनच्या शेपटाला. इंजिन सुरू झालं. सगळ्यांच्या माना लॅपटॉपवर.

सोळा पॉइंट दोन.

घाटावर एकच हलकल्लोळ झाला. "बाईचं यंत्रबी महाराजांच्याच पायावर पडलं!"

महाराज प्रेमळ हसले. अशा वेळी ते फार प्रेमळ हसत. "पोरी, इंजिन तू शिकवतीस. इंजिनाला कोन शिकवतं? जा, लेकराला घेऊन ये, तिलाबी अंगारा देतो."

रुपाली चडफडत घरी आली. ओंकारने चहा ठेवला. रेवा अंगणात पाण्याच्या नळीशी खेळत होती. नळीच्या मधल्या चिरेतून फवारा उडत होता आणि टोकाला जेमतेम धार. रेवा टोकाला बादली धरून ओरडत होती, "आई, नळाला पाणीच नाहीये!"

रुपालीने कपाळावर हात मारला. नळाला पाणी भरपूर होतं. मोजायची जागा चुकली होती! 'इंजिनाच्या जवळ मोजा, मधे सांधा नको,' असं पोरांना दरडावणारी ती, घाईत आणि रागात महाराजांच्याच शेजारी मोजून आली होती. जिथे लबाडी मोजली जाते तिथे लबाडीच दिसणार, यंत्र कितीही महागाचं असो. पाण्याच्या नळीच्या चिरेतून पाणी बाहेर जातं, धुराच्या नळीच्या चिरेतून तसा धूर बाहेर जातो, आणि धुराच्या झटक्यांमधल्या क्षणी बाहेरची हवा आतही ओढली जाते.

तिने गोरक्षला गाठलं. "भावजी, गंड्याला बोट लावणार नाही, शपथ. फक्त इंजिनाजवळचा गाडीचा सेन्सर काढून तिथे माझा बसवते. तुमच्या देखत."

"गंड्याला न्हाई ना?"

"नाही."

"मग लावा. पन या खेपेला हरलात तर महाराजांच्या पाया पडायचं."

"पडेन. आणि महाराज हरले तर?"

गोरक्षने डोकं खाजवलं. ही शक्यता त्याने धरलीच नव्हती.

गुरुवारी तिने घाई केली नाही. सेन्सर आधी उघड्या हवेत धरून तपासला. गार व्हॅनचा जुना सेन्सर पान्याने सोडला, त्याच आट्यांत आपला बसवला, टोक किंचित खाली राहील असा, पाणी साचू नये म्हणून. मीटरची आणि लॅपटॉपकडे जाणाऱ्या नोंदयंत्राची अर्थिंग एकाच बोल्टला दिली. दोन ठिकाणी दिली की आकडे आपोआप इकडे-तिकडे सरकतात. मागे शेपटाला यंत्रराज होताच.

"महाराज, गाडी एक, धूर एक, नळी एक. फक्त टोकं दोन. बघू काय म्हणतात."

इंजिन तापलं. यंत्रराज म्हणाला सोळा पॉइंट दोन. लॅपटॉपवरची रेघ चौदा पॉइंट सातच्या आसपास थरथरत राहिली, वर सरकेना.

गर्दीच्या माना यंत्रराजाकडून लॅपटॉपकडे वळल्या.

"तिचं यंत्र खोटं हाय!" बिभीषण ओरडला.

"मागच्या गुरुवारी खरं होतं ना?" रुपाली गर्दीकडे वळली. "शेजारी-शेजारी लावलं तेव्हा दोघांचा आकडा एक आला. तुम्हीच टाळ्या वाजवल्यात. मग आज माझं यंत्र एका आठवड्यात नास्तिक झालं?"

पुढे बसलेल्या आक्काबाई फिसकन हसल्या. मग सगळेच हसले, आणि महाराजांचं प्रेमळ हसू पहिल्यांदाच ओठांवरून गळालं.

"इंजिनातून धूर चौदा-सातचा निघतो, शेपटाला सोळाचा पोचतो," ती म्हणाली. "म्हणजे मधल्या वाटेत कुठेतरी बाहेरची हवा मिसळते. मधे काय आहे, भावजी?"

गोरक्षने खाली खड्ड्याकडे पाहिलं. "गंडा."

"पोरी, श्रद्धा मोजायची नसती!" महाराज पाटावरून उठले.

"श्रद्धा नका मोजू, महाराज. धूर मोजा."

गोरक्ष उभा राहिला. त्याने एकदा महाराजांकडे पाहिलं, एकदा लॅपटॉपकडे, आणि पाना घेऊन स्वतः खड्ड्यात उतरला. आज शंख नाही, झांजा नाहीत. फडकं फाटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"वहिनी," खालून त्याचा आवाज आला, "सांध्याचे दोन्ही नट सैल हायती. मधे बोट जाईल एवढी फट. सगळं काळं झालंय काजळीनं."

"हातमोजा घाला आणि आवळा."

पाना फिरला. यंत्रराजाचा आकडा पंधरा-आठ. आणखी फिरला, पंधरा-एक. मग चौदा-सात, आणि तिथेच थांबला.

"आता सैल करा."

सोळा-दोन.

कुणीतरी ओरडलं, "आवळ!" दुसरा, "सोड!" पोरं टाळ्या पिटू लागली. नट सैल की सोळा कला, नट आवळला की संसार. महाराजांचं सगळं अध्यात्म एका पान्यात आलं होतं. डिझेलच्या गाड्या तामसी का तेही मग फोड करून सांगावं लागलं नाही. त्यांच्या धुरात मुळातच हवा एवढी जास्त, की आकडा बिभीषणाने हात लावायच्या आधीच सोळाच्या कितीतरी पुढे.

"पेट्रोल इंजिन जेवढं पीत होतं तेवढंच पितंय," रुपाली म्हणाली. "इंजिनाला या गंड्याचा पत्ताच नाही."

"मग ॲव्हरेज वाढलं ते?" मागून एक जण.

"टायरमध्ये हवा तुम्ही भरलीत. गाडी सावकाश तुम्ही चालवलीत. एसी तुम्ही बंद ठेवलात. कष्ट तुमचे, पाद्यपूजा यांची."

गोरक्ष नट घट्ट आवळून वर आला. हातमोजे काळे, चेहरा पांढरा. "वहिनी, तो धूर... फट बरोबर पुढच्या सीटखाली हाय. माझा लहाना तिथंच बसतो. रोज झोपूनच उतरतो. मी म्हनायचो, गुनी पोरगं हाय."

ज्या बाईने पाप बाहेर पडतंय असं सांगितलं होतं, तिने पदराचा बोळा तोंडाशी धरला. मग ती सरळ पाटापाशी गेली आणि यंत्रराजाची तार उपटून महाराजांच्या हातात दिली. "घ्या. अन् पोलीस येईस्तोवर हितंच बसा." ओंकारने फोन आधीच लावला होता. बिभीषण गर्दीतून निसटू पाहत होता, पण गाड्यांच्याच रांगेत अडकला.

गोरक्षने व्हॅनच्या सगळ्या काचा खाली केल्या. मग पुढच्या सीटवर चढून त्याने बराच वेळ तिथली हवा हुंगली, जणू तिला वास असता तर बरं झालं असतं.

वायुनाथ पोलिसांबरोबर गेला. दुसरा कुणी येईल, त्याच्याही हातात एखादं खरं यंत्र असेल आणि त्यावर खरा आकडा. लबाडीला आजकाल विज्ञानाचा सदरा लागतो. म्हणून आकड्याला हात जोडू नका, त्याची उलटतपासणी करा. लेकरू डोकं दुखतंय म्हणालं तर त्याचं खरं माना, काच उघडा, वाकून गाडीखाली बघा. आणि कुणी चमत्काराचा आकडा दाखवला, तर एवढंच विचारा : मोजलं कुठे, आणि मोजणाऱ्याचे हात त्या वेळी कुठे होते?