मावशीचं पाणी

मोरीत काय अडकलंय हे साऱ्या गावात एकट्या दगा पाटकऱ्याला ठाऊक होतं, आणि मोरीत शिरायचंही त्यालाच होतं. आता बोला!

मोरी म्हणजे गाडीवाटेखालून पाट काढायला वाडवडिलांनी बांधलेलं दगडी बीळ. माणूस पोटावर सरपटला तरच जाईल एवढंच रुंद. वरच्या तोंडानं पाटाचं पाणी आत शिरायचं, खालच्या तोंडानं चुनीलालच्या केळीत उतरायचं. दरसाल गाळ बसला की दगा कमरेला दोर बांधून आत जायचा आणि हातांनी गाळ ओढायचा. पाटकऱ्याचं कामच ते. शेतांना पाळीनं पाणी सोडायचं, पाट राखायचा, मोरी साफ ठेवायची. आजवर त्यानं ते हसत केलं. पण आज सकाळी पाणी मोरीच्या तोंडाशी अडून वाटेवर पसरलेलं दिसलं आणि दगा मोरीपासून चार पावलं लांबच राहिला.

कारण मावशी डोहात नव्हती.

मावशी म्हणजे मगर. तापीला मिळणाऱ्या त्या लहानशा नदीवर गावाचा बंधारा होता, बंधाऱ्याच्या पोटाशी डोह होता, आणि डोहात ती. तिला मगर म्हणायची कुणाची छाती नव्हती, म्हणून मावशी. डोहाच्या काठाला एक उभा दगड होता. पाणी उतरून त्या दगडाच्या पायथ्याला टेकलं की पाट बंद. खालचं पाणी मावशीचं, त्याला माणसानं हात लावायचा नाही. तिच्या धाकानं ते पाणी टिकायचं, आणि त्याच्याच जोरावर काठच्या विहिरी भर उन्हाळ्यात पोहरा बुडण्याइतक्या तरी जिवंत राहायच्या. सूट एकच होती. मावशी आपणहून डोह सोडून गेली तर ते पाणी गावाचं. ती गेली की नाही हे पाटकऱ्यानं सांगायचं, आणि पंचांनी ते मानायचं.

सासष्ट सालच्या उन्हाळ्यात पाणी दगडाला टेकलं तेव्हा केळी ऐन घडावर होती. पाटावरचं सगळ्यात शेवटचं वावर चुनीलालचं, म्हणजे दगाची धाकटी बहीण मंगला, तिच्या नवऱ्याचं. मंगला पाटाच्या बांधावर येऊन बसली. रडली नाही, भांडली नाही. नुसती म्हणाली, "भाऊ, घड सुकी ऱ्हायनात."

झालं, दगाचं काळीज हललं. दुसऱ्या दिवशी तो पंचांपुढं उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी गई. तापीकडे गई. मी सोता दखं."

दखं कसलं न् काय! त्यानं काहीएक पाहिलं नव्हतं. पंचांचा म्होरक्या नवलभाऊ मोठा खमक्या माणूस. त्यानं एकदाच विचारलं, "नक्की?" दगानं मान हलवली. डोहावर डिझेल इंजिन बसलं, धडधडत पाणी पाटात पडू लागलं, केळीनं मान वर काढली आणि गाव दगाला दुवा देऊ लागलं. विहिरी मात्र खाली खाली चालल्या. शेवटी डोहात नुसता चिखल उरला; झऱ्यांचं जे पाझरेल तेवढंच इंजिन ओढू लागलं. त्या चिखलात मावशी दिसली नाही तेव्हा लोक म्हणाले, दगाचं खरं निघालं. आणि त्या दिवसापासून दगाची झोप उडाली.

तिचा खराखुरा माग त्याला सापडला होता ना! चिखलातून शेपूट फरफटत ती निघाली होती आणि थेट पाटात उतरली होती, तापीला पाठ करून. पाणी जिकडं गेलं तिकडं तीही गेली होती. दगानं इकडंतिकडं पाहिलं आणि पायानं तो माग पुसून टाकला. पाट सगळा उघडा, उन्हानं भाजलेला. ओली, गार, अंधारी जागा म्हणाल तर एकच होती.

"दगा, दोर बांध ना," नवलभाऊ म्हणाला. गाव मोरीच्या तोंडाशी जमलं होतं.

दगाच्या हातांना गाठ सापडेना. मोरीतून गार वास येत होता, गाळाचा, आणि त्याच्या आडून सडक्या मासळीचा. नाही जावं, तर का नाही ते सांगावं लागणार. सांगितलं की गावात तोंड दाखवायला जागा नाही. जावं, तर लोक दोर ओढतील आणि अर्धाच दगा बाहेर येईल.

"पोटमा दुखी ऱ्हायनं," तो पुटपुटला. लोक खो खो हसले.

चुनीलाल हसला नाही. भला माणूस तो. त्यानं दगाच्या हातातून दोर घेतला. "दगाभाऊ, तुम्ही बसा. पानी मन्हा वावरले जास, मी जास मजार." आणि बघता बघता दोर कमरेला बांधून तो आत शिरायला पालथा पडला. दोराचं दुसरं टोक मंगलानं धरलं. तिनं भावाकडं पाहिलं आणि मायेनं म्हणाली, "तू सावलीमा बस, भाऊ."

चुनीलालचं डोकं आत गेलं. खांदे गेले. दगाला ओरडायचं होतं, पण आवाजच फुटेना. कंबर गेली. मंगला हळूहळू दोर सोडत होती. तिचे ते दोर सोडणारे हात दगाला दिसले आणि काय झालं कुणास ठाऊक, त्यानं झेप घेतली, चुनीलालचे दोन्ही घोटे पकडले आणि जीव खाऊन मागं ओढलं.

"मावशी मजार शे!" तो किंचाळला. "मी खोटं बोलनू! मी काहीच दखं नई!"

चुनीलाल बाहेर आला तो हनुवटी सोलूनच. कुणी काही बोलायच्या आत मोरीतून एक लांबच लांब फुत्कार आला, लोहाराच्या भात्यासारखा. गाव असं मागं सरलं की एकमेकांच्या पायावर पाय पडले.

नवलभाऊनं दगाला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "इंजिन बंद करा. डोहमा पानी भरू द्या. पानी भेटनं तर ती जाई." मग थांबून त्यानं मंगलाकडं पाहिलं. इंजिन बंद म्हणजे कुणाची केळी आधी जळणार हे सगळ्यांना कळत होतं. मंगला नवऱ्याच्या अंगावरची माती झटकत होती. "करा बंद," ती म्हणाली. भावाकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही.

डोहातले झरे हळूहळू पाझरू लागले. मंगलाची केळी पिवळी पडली, मग तपकिरी झाली. दगा रोज पहाटेपासून वाटेकडेच्या बाभळीवर जीव मुठीत धरून बसायचा. अखेर एका सकाळी, उजाडल्यावर, मोरीच्या वरच्या तोंडातून शेपूट बाहेर आलं. मग मागं मागं सरकत सगळी मावशी आली, वाळल्या गाळानं पांढरी झालेली, हाडं दिसणारी. बाभळीखालीच ती थांबली. मग ती वळली, पाटापाटानं डोहापर्यंत गेली आणि पाण्यात नाहीशी झाली.

दगा खाली उतरतो न उतरतो तोच ठेलाऱ्यांच्या मेंढरांचा कळप आला. अर्धा वाटेवरून, अर्धा पाटातून. मागाचं नावनिशाण राहिलं नाही. दगा धावत गावात गेला. "गई! मी सोता दखं!"

तेच शब्द. त्याचे त्यालाच ऐकू आले. कुणी जागचं हललं नाही.

"नक्की?" नवलभाऊनं विचारलं. दगानं मान हलवली. "मग जाय मजार."

या खेपेला लोक लांब उभे राहिले. दोर धरायलाही कुणी पुढं आलं नाही. दगा पालथा पडला आणि आत सरपटू लागला. गाळावरच्या फटीतून पलीकडचा उजेड दिसत होता, तेवढाच आधार. मी खरंच पाहिलं ना? किती दिवस डोळ्याला डोळा नाही, भास झाला असेल तर? आणि आत दोन असल्या तर? एकदा खोटं बोललेला माणूस, त्याचा स्वतःच्याच डोळ्यांवर भरवसा राहिला नव्हता. हात पुढं टाकायचा, गाळ लागायचा, पुन्हा टाकायचा.

आणि एकाएकी उजेड गेला.

पलीकडच्या तोंडात काहीतरी शिरलं होतं. गाळ खसखसला. मागं सरकता येईना, ओरडता येईना. त्यानं डोळे गच्च मिटले आणि देवाचं नाव आठवू लागला, तेही आठवेना. तेवढ्यात काहीतरी त्याच्या बोटांना लागलं. ओलं, गार. आणि त्यात बांगड्या वाजल्या.

"भाऊ, मी शे," अंधारातून मंगला म्हणाली. "हात दे."

नुसत्या त्याच्या शब्दावर ती खालच्या तोंडातून आत शिरली होती. त्याच्या खोट्यानं तिची केळी हिरवी झाली होती आणि खऱ्यानं जळाली होती, आणि साऱ्या गावात त्याचं ऐकणारी तेवढी एकच उरली होती. दगानं तो हात धरला आणि गाळात तोंड खुपसून रडू लागला. मग दोघांनी दोन्हीकडून गाळ ओढायला सुरुवात केली.