मंगळावरचे बोंबील

“पडद्याला चादर माझी, मंग खुर्ची पयल्या रांगेत,” असं म्हणून काशीबाई बसलीसुद्धा. ब्याऐंशी सालची गोष्ट. बोईसरच्या शाळेतले जोगळेकर मास्तर संध्याकाळी घिवली गावच्या पटांगणात चित्रं पडद्यावर पाडायच्या यंत्रावर ग्रह दाखवायला आले होते, तेही फुकट. फुकट दाखवणारा नंतर वसुलीला येतो, हा काशीबाईचा हिशोब. पटांगणाला लागूनच तिची बोंबील सुकवायची जागा. गेल्याच आठवड्यात दोन सरकारी माणसं टेप लावून ती मोजून गेली, कडेने चुन्याची रेघ ओढून गेली आणि जाताना ‘तिकडची जागाही चांगली आहे’ म्हणाली. वर चहा तिचाच प्यायली.

चादरीवर बुध उमटला. मास्तर सांगू लागले: पोटात लोखंडाचा मोठा गोळा, वर दगडाचं पातळ साल, हवा जवळजवळ नाहीच; दिवसा भट्टी, रात्री बर्फाहून गार.

“वारा नाय तर बोंबील सुकायचं कसं?” काशीबाईने बुध खोडला.

शुक्र पृथ्वीएवढाच, पण हवा इतकी दाट की आत शिरलेली उष्णता बाहेर पडत नाही, शिसंसुद्धा वितळेल. तोही खोडला. मंगळावर मात्र ती रेंगाळली. तिथे कधीकाळी नद्या वाहिल्याच्या खुणा होत्या. पण ग्रह लहान, पोटातली धग लवकर निवली, हवा बरीचशी उडून गेली, उरलंसुरलं पाणी गोठलं.

“घे की वैनी, शेजारी भांडाया कोन नाय,” मागून तिचा दीर दामू म्हणाला. सगळे हसले.

काशीबाई हसली नाही. मासळीच्या दलालाचं तोंड न्याहाळावं तसं ती मास्तरांचं तोंड न्याहाळत होती. तीन वाईट जागा आधी दाखवल्या, म्हणजे हा चौथी गळ्यात मारणार.

चौथं चित्र निळं आलं. ही आपली पृथ्वी, मास्तर म्हणाले. हिच्या पोटात अजून धग आहे, कवच सरकतं, हवा बेताची, पाणी वाहतं.

“खरं सांगा मास्तर, मानसानं रावं अशी यातली कंची?”

“ही एकच, काशीबाई. दुसरी अजून सापडलेली नाही.”

“मंग आमाला हितून उठवून कंचीवर नेनार?”

मास्तरांना काही उमगेना. दामूने चुन्याच्या रेघेकडे बोट दाखवलं. रेघ पाहून मास्तर पेटीतली उरलेली चित्रं चाळू लागले.

काशीबाई उठली. तिने चादर सोडली, झटकली, घडी घातली. यंत्र चालूच राहिलं. पृथ्वी मागे बांबूंवर ओळीने टांगलेल्या बोंबलांवर जाऊन पडली आणि वाऱ्याने हलू लागली.