आबांनी बागेत नेलेली पेंढी

माझा दादा अमृत जर्मनीत असतो. डिसेंबरात सुट्टी काढून वहिनी आन पोरीला घिऊन बेंबळीला आला. पोरगी सात वर्षांची, श्रावस्ती. मराठी येतं तिला, पण एकेक शब्द निवडून बोलती, पुस्तक वाचल्यासारखं.

आल्या दिवशीच घोळ झाला. आबांनी, म्हंजे आमच्या वडलांनी, तिला न विचारता उचललं आन मुका घेतला. दाढी टोचली. पोरगी रडली ती रडलीच. तवापासनं आबा वसरीवर असले की ती मागच्या दारानं जायची. आबांशी एक शब्द न्हाय. आबांनी आठ दिवसांत पाच वेळा दाढी केली. एरवी ह्यो माणूस आठवडी बाजाराच्या बाजाराला करतो.

सोमवारी त्यांना निघायचं होतं. शनिवारी आबा मला गोठ्यात म्हणले, "रणधीर, जायच्या आदी पोरगी एकदा 'आबा' म्हणली असती तर बरं झालं असतं रं." एवढंच. मग शेळ्यांपुढं वैरण टाकाय लागले.

म्या म्हणलं, उद्या प्राण्यांच्या बागेत जाऊ. तिला जनावरं लई आवडतात.

बाग धाराशिवच्या पुढं, माळावर. एका संस्थेनं केलीय. काळवीट, नीलगाय, मोर, माकडं आन एक म्हातारं अस्वल. दादाला आधीच सांगितलं, तिकडच्यासारखं काय नसणार, तोंड वाकडं करायचं न्हाय.

रविवारी निघताना गाडीची डिक्की उघडली तर आत कडवळाची, म्हंजे वैरणीच्या हिरव्या ज्वारीची, ही मोठी पेंढी.

"आबा, ह्ये काय?"

"लोकाच्या गोठ्यावर रिकाम्या हातानं जायचं व्हय?"

"आबा, गोठा न्हाय, झू हाय ते," दादा म्हणला.

"जनावरं कोंडलीत न्हवं? मग गोठाच."

आबांचं असंच हाय. पाव्हण्याकडं गेलं की आधी त्यांच्या दावणीला वैरण, मग चहा. आई दारातनं म्हणली, "मला बघायला आले तवा बी आधी आमच्या बैलांना टाकलं, मग माझ्याकडं बघितलं." वहिनी एवढी हसली की तिला ठसका लागला.

बागेत पयल्यांदा काळवीटच. आबा जाळीपाशी थांबले, पेंढी डोक्यावर.

"आरं, ही तर आपली तूर खाणारी! हितं तिकीट काढून बघायची?"

"घरी डबा वाजवून हाकलता की ह्यांना," म्या म्हणलं.

"घरी ती चोर. हितं दुसऱ्याची जनावरं. मान नको द्यायला?"

आन आबांनी पेंढीतनं कडवळाची चार ताटं उपसून जाळीतनं आत सारली. एक काळवीट लगेच पुढं आलं.

"आबा! थांबा!"

श्रावस्ती पळत आली. तोंड लाल झालेलं.

"खायला द्यायचं नाही! नियम असतो!"

आबा तसेच उभे, हात जाळीत. म्या दादाकडं बघितलं, दादानं माझ्याकडं.

"कुठं लिवलंय?" आबा हळूच म्हणले.

तिनं पाटीकडं बोट केलं. हाताच्या चित्रावर लाल फुली होती. खाली मराठीत लिवलेलं, ते काय तिला वाचता येईना. "तुम्ही वाचा," ती म्हणली.

आबांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, लावला. "प्राण्यांना बाहेरील खाद्यपदार्थ देऊ नयेत."

"बघा!"

"चुकलं माझं," आबा म्हणले आन ताटं मागं ओढली.

चोवीस वर्षांत ह्या माणसाच्या तोंडनं हे दोन शब्द म्या ऐकले न्हवते. आन तोंड बघावं तर सरपंचाची निवडणूक जिंकल्यासारखं. माझ्या कानाशी येऊन म्हणले, "मला वरडली रं. आबा म्हणून वरडली."

तेवढ्यात राखणदार आला, गुंडाप्पा नावाचा. तो तोंड उघडणार तवर श्रावस्तीच म्हणली, "मी सांगितलंय त्यांना."

"मग माझी काय गरज?" म्हणून तो हसला. पेंढीतलं एक ताट मोडून बघितलं. "कोवळं न्हाय न्हवं? कोवळं कडवळ जनावराला बाधतं."

"कणसं दिसत न्हाईत व्हय? निसवलेलं हाय," आबा जरा चिडलेच. "कोवळं आनीन व्हय म्या?"

"बरं, बरं. डॉक्टरला दाखवतो. ते हो म्हणले तर सांजच्याला मीच टाकतो. तुमी न्हाय."

आबांनी श्रावस्तीला विचारलं, "चालंल का?"

तिनं इचार केला. "डॉक्टर हो म्हणाले तर."

मग पुढचे दोन तास लई गंमत. ती आबांना एकेका पाटीपाशी न्यायची. "हे वाचा." आबा वाचायचे. अस्वल सगळा वेळ पाठ करून झोपलं होतं, तरी ते काय खातं, किती वर्षं जगतं, सगळं वाचून झालं. तिथंच कधीतरी तिनं आबांची करंगळी धरली. दादा मोबाईल काढाय लागला. म्या म्हणलं, "ठिव खिशात. लांबनं बघ गप."

सोमवारी सकाळी गोठ्याच्या खांबाला कागद चिकटवलेला. शेळीचं चित्र, हाताचं चित्र, हातावर लाल फुली. खाली आबांच्या अक्षरात, तिनं सांगितलेलं: 'श्रावस्तीला विचारल्याशिवाय चारा टाकू नये.'

गाडीत बसायच्या आधी आबा तिच्यापुढं वाकले. "उचलू का?"

तिनं आबांच्या गालावरनं हात फिरवला, नीट तपासलं, मग म्हणली, "उचला."

आता रोज दुपारची वैरण आमच्याकडं उशिरा पडती. तिकडं तिची शाळेला जायची तयारी चाललेली असती, आन हितं आबा गोठ्यात मोबाईल धरून उभे. शेळ्या तवर बोंबलत्यात.

"श्रावस्ती, टाकू का?"

"आबा, कोवळं नाही ना?"

"न्हाय बाई, निसवलेलं हाय."

"दाखवा."

आबा मोबाईलपुढं कणीस धरतात.

"मग टाका."