मापाची झडप

“याला चहा म्हणायचं? गरम पाण्याला कुणीतरी लांबून पुडी दाखवलेली दिसतेय.”

दादा माझ्या उशाशी, अगदी कानाला लागून पुटपुटला. कागदी पेला त्याने खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, पुन्हा उचलला, तोंड वाकडं करून आणखी एक घोट घेतला. सकाळपासून लिफ्टला, खुर्चीला, पडद्याच्या कड्यांना नावं ठेवून झाली होती. माझ्या हृदयाबद्दल मात्र अवाक्षर नाही. आमच्या घराची ही रीतच आहे. जे टोचतंय ते सोडून बाकी सगळ्यावर बोलायचं.

मी तरी काय वेगळी? कपडे उसवून, आत घेऊन, कॉलर उलटवून पोट भरणारी बाई मी. ताप कितीतरी दिवस अंगावर काढला. थंडी वाजली की शाल पांघरून मशीनवर बसायचे. शेवटी एका गिऱ्हाइकाच्या बाहीला टाचणी लावताना मटकन खाली बसले, ती उठले इथे, हॉस्पिटलातल्या या खाटेवर.

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर माझं हृदय दाखवलं. “ही झडप. रक्त पुढे जाऊ देते, मागे येऊ देत नाही. जंतूंनी कुरतडलीय ती. ज्या नळीच्या तोंडाशी बसते, तीही पोखरलीय.”

फाटक्या बाहीचं टोक वाऱ्यावर हलावं तसं काहीतरी तिथे हलत होतं. दर ठोक्याला. माझ्या आत.

“बदलावी लागेल. उद्या सकाळीच.”

“धातूची बसवतात ना?” दादाने विचारलं.

“बसवतो. पण यांची जागाच किडलीय. अशा ठिकाणी माणसाची झडप बरी, नळीच्या तुकड्यासकट. मऊ असते, नीट शिवता येते. आणि जंतू तिच्यावर सहसा पुन्हा बसत नाहीत.”

“माणसाची?” मी म्हटलं. “कुठल्या माणसाची?”

“दान केलेली असते. टिश्यू बँकेत गोठवून ठेवतात. तुमच्या मापाची मिळालीय, दुसऱ्या शहरातून निघालीसुद्धा. नाव नाही सांगता येत. चाळिशीच्या आतल्या एका पुरुषाची आहे.”

माझ्या जिभेला सवयच वाईट. “बघा, जन्मभर एकाही पुरुषाला हृदयात जागा दिली नाही, आणि हा न विचारता सामानसुमान घेऊन निघालासुद्धा.”

डॉक्टरीणबाई हसल्या. दादा हसला. वहिनी नाही हसली. ती पायथ्याशी उभी राहून माझ्या चादरीचा कोपरा दुमडत होती, उलगडत होती.

“संध्याकाळपर्यंत सांगा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तुम्ही हो म्हणाल्याशिवाय आम्ही ती वितळवणार नाही. एकदा वितळवली की परत गोठवता येत नाही. फुकट जाते.”

त्या गेल्या. ‘फुकट जाते’ हे शब्द वहिनीने ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हटले. मला वाटलं, तिला किळस आलीय. मलाही आली होती.

“मी नाही घेणार,” मी म्हटलं.

“डोकं फिरलंय का तुझं, शिंपीणबाई?” दादा उसळला. “जंतू खाताहेत तुला आतून. ही नाही बसवली तर...” पुढचं त्याने चहाबरोबर गिळलं.

“दादा, लहानपणी तुझे उतरलेले शर्ट घातले मी. हूं की चूं केलं नाही. पण मेलेल्या माणसाचा तुकडा?”

“शर्ट मी जिवंत असताना...” तो थांबला. जीभ चावली.

मेलेल्या. हा शब्द आमच्यात दोन वर्षं कुणी उच्चारला नव्हता. मुंगी गेल्यापासून. गेल्यापासून असंही आम्ही म्हणत नव्हतो. ‘त्या वेळेपासून’ म्हणायचो. मुंगी म्हणजे दादा-वहिनीची एकुलती एक लेक. एक क्षण एका जागी बसायची नाही, म्हणून मुंगी. कॉलेजातून येताना स्कूटरवरून पडली, डोक्याला मार बसला. हॉस्पिटलात नेली, पण शुद्धीवर आलीच नाही.

तिचा शेवटचा झगा मी शिवला. वहिनी पिवळं कापड घेऊन दुकानात आली होती, डोळे कोरडे. “वन्सं, गळा बंद ठेवा. अगदी वरपर्यंत. आणि पुढून उघडणारा नको.” बंद गळ्यात जीव गुदमरतो म्हणून मुंगीने माझे दोन झगे परत केले होते, हे वहिनीलाही ठाऊक होतं. मी विचारलं नाही. मान खाली घातली आणि गळा बंद शिवला. तिला हॉस्पिटलातून घरी आणायला एवढा वेळ का लागला, तेही मी विचारलं नाही. कुणीच नाही.

खाटेवर मात्र मला भीतीने बोलतं केलं होतं. तोंडाला येईल ते बोलत सुटले.

“कोण देतं रे हे? कोण आईबाप आपल्या पोराची छाती उघडू देतात? काळीज काढून देतात परक्यांना, भाजी निवडल्यासारखं? माणसं आहेत की कसाई?”

वहिनीच्या हातातून चादरीचा कोपरा सुटला. ती कोपऱ्यातल्या बेसिनकडे गेली. तिने नळ सोडला. पाणी धो धो वाहत राहिलं, पण तिने हात काही त्याखाली धरले नाहीत. नुसती पाठ करून उभी. खांदे हलत होते.

“वहिनी?” मी म्हटलं. “अगं, तुला नाही म्हणत मी. तुझा काय संबंध...”

माझा हात आपोआप माझ्याच गळ्याकडे गेला. बोटांना जणू मुंगीच्या झग्याच्या गळ्याची ती पिवळी पट्टी लागली, मी टाके घालून उभी केलेली. तिथून खाली, छातीच्या मधोमध, सरळ रेषेत. उद्या मलाही तिथेच कापणार होते. मी खाटेची कड घट्ट धरली.

“दादा,” मी म्हटलं. “दादा, तो गळा...”

दादाने पेला खाली ठेवला. बेसिनपाशी गेला, वहिनीच्या खांद्यावरून हात घालून नळ बंद केला. मग माझ्याकडे वळला. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याने कशालाही नावं ठेवली नाहीत.

“आम्ही,” तो म्हणाला. “आम्ही उघडू दिली छाती. आपली मुंगी मेली गं, आणि आम्ही तिचं काळीज दिलं. आता तू नाही म्हणू नकोस.”